पल्प वेस्टर्न कथांचे श्राव्य रूप आणि लिखित बोलीचा प्रश्न

कथेतील पात्र ‘बोलते’ असे म्हणण्याची वाङ्मयसमीक्षेत रूढी आहे. वस्तुतः ते पात्र बोलत नसते. त्याचे बोलणे लिहिलेले असते. हा भेद एरवी क्षुल्लक वाटतो. परंतु जी कथा डोळ्यांनी वाचली जावी म्हणूनच लिहिली गेली ती जेव्हा कोणी मोठ्याने वाचते आणि दुसरा कोणी ऐकतो, तेव्हा लेखनाने उभी केलेली ‘बोली’ किती प्रमाणात बोली होती आणि किती प्रमाणात केवळ छपाईची किमया होती, ह्याचा निवाडा आपोआप होऊ लागतो. अमेरिकेतील ‘पल्प’ मासिकांतील वेस्टर्न कथा आणि त्यांची अलीकडील ध्वनिमुद्रणे ही ह्या निवाड्याची फार चांगली सामग्री आहे.

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त व खरबरीत कागदावर छापली जात म्हणून ह्या मासिकांना ‘पल्प’ हे नाव पडले. फ्रँक मन्सी ह्यांनी १८९६ मध्ये आपले ‘आर्गसी’ हे मासिक अशा कागदावर केवळ कथांसाठी चालविण्यास आरंभ केला. केवळ वेस्टर्न कथांना वाहिलेले ‘वेस्टर्न स्टोरी मॅगझिन’ हे नियतकालिक स्ट्रीट अँड स्मिथ ह्या प्रकाशनसंस्थेने १९१९ मध्ये सुरू केले व ते १९४९ पर्यंत चालले. ‘रँच रोमान्सेस’ (१९२४) तर १९७१ पर्यंत तग धरून होते. लेखकांना मोबदला शब्दागणिक मिळे आणि सामान्य लेखकाचा दर शब्दाला एक सेंटच्या आसपास असे. मॅक्स ब्रँड ह्या नावाने प्रसिद्ध असलेले फ्रेडरिक फाउस्ट (१८९२–१९४४) ह्यांच्यासारखे लेखक अनेक टोपणनावांनी एकाच वेळी लिहीत, ते ह्याच व्यवहारामुळे.

ह्या कथा आज ऐकावयास मिळतात त्यामागे कायद्यातील एक जुनी अट आहे. १९६४ पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काचे अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण करून घ्यावे लागे. पल्पमधील कथांच्या बाबतीत ते पुष्कळदा झालेच नाही, कारण त्या कथा अठ्ठावीस वर्षांनी कोणास हव्या असतील असे त्यांच्या मालकांनाही वाटले नव्हते. ह्यू मॅग्वायर ह्यांनी २००५ मध्ये मॉन्ट्रियल येथे सुरू केलेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ ह्या उपक्रमात असे हक्कमुक्त लेखन स्वयंसेवक वाचतात व ती ध्वनिमुद्रणे सर्वांना विनामूल्य उपलब्ध होतात. तेथे वाचणाऱ्याच्या उच्चारांची परीक्षा घेतली जात नाही. वाचणारा टेक्ससचा असेल, लंडनचा असेल किंवा ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही असाही असेल. भाषाभ्यासकाला हा दोष वाटण्याचे कारण नाही. उलट ह्यामुळेच ही सामग्री उपयोगाची झाली आहे. पुढील विवेचनात अशा वाचणाऱ्याला ‘अभिवाचक’ म्हटले आहे. ‘वाचक’ म्हणजे छापील पान वाचणारा.

पल्प वेस्टर्नमधील गुराख्याच्या तोंडचे कोणतेही पान घेतले तरी प्रथम डोळ्यांत भरते ते बिघडविलेले शुद्धलेखन. ‘सेझ’ हा शब्द एस्-ए-वाय्-एस् असा न लिहिता एस्-ई-झेड् असा लिहिलेला असतो. ‘वॉज’ मधील ए आणि एस् काढून त्या जागी यू आणि झेड् येतात. ‘विमिन’ ह्या शब्दातील ओ जाऊन तेथे आय् येतो. आता ह्या शब्दांचा उच्चार सर्व सुशिक्षित अमेरिकन तसाच करतात. विद्यापीठाचा कुलगुरूदेखील ‘सेझ’ असेच म्हणतो. म्हणजे हे लेखन उच्चारातील कोणताही विशेष दर्शवीत नाही. ते एवढेच सुचविते की हा मनुष्य लिहावयास बसला तर असे लिहील. जॉर्ज फिलिप क्रॅप ह्यांनी १९२५ मध्ये ह्या प्रकारास जे नाव दिले त्यास मराठीत ‘नेत्रबोली’ म्हणता येईल. लेखक आणि वाचक दोघेही शिकलेले असतात व पात्राच्या डोक्यावरून एकमेकांकडे पाहून हसतात, असे ह्या युक्तीचे सामाजिक स्वरूप आहे.

ध्वनिमुद्रणात ही युक्ती निखळून पडते. अभिवाचक एस्-ई-झेड् पाहतो, ‘सेझ’ म्हणतो आणि श्रोत्याला एक साधे इंग्रजी क्रियापद ऐकू येते. पानावर अडाणी दिसणारा मनुष्य कानाला चारचौघांसारखा वाटू लागतो.

सर्वच विकृत लेखन असे पोकळ असते असे मात्र नाही. ‘हॉर्स’ ऐवजी ‘हॉस’, ‘कॅच’ ऐवजी ‘केच’, ‘गेट’ ऐवजी ‘गिट’ ही रूपे खऱ्या उच्चारांवर आधारलेली आहेत व ती श्रोत्यापर्यंत पोचतात. ह्या दोन वर्गांच्या मध्ये एक चमत्कारिक वर्ग आहे. ‘यू’ ह्या सर्वनामाचे वाय्-यू-एच् असे लेखन पल्प कथांत पानोपानी आढळते. आघातहीन स्थानी ‘यू’चा स्वर शिथिल होतो, हे बहुतेक सर्व इंग्रजी भाषकांच्या बाबतीत खरे आहे; त्यात पश्चिमेचे विशेष असे काही नाही. परंतु लेखनाची सवय जडली की जेथे सर्वनामावर जोर पडावयास हवा तेथेही तीच अक्षरे उमटतात. छापील पानावर हे खपून जाते. अभिवाचकाला मात्र त्या शिथिल स्वरावर आघात द्यावा लागतो, आणि मग कोणत्याही प्रदेशात कोणीही बोलत नसलेले इंग्रजी ऐकू येते. लेखनातील असत्य उघडे पाडण्याचे काम येथे समीक्षकाला करावे लागत नाही; जीभच ते करते.

मराठी अभ्यासकाला ह्या ठिकाणी आपल्या लिपीची आठवण होणे स्वाभाविक आहे. देवनागरी लेखन उच्चाराच्या बरेच निकट असल्यामुळे नेत्रबोलीस मराठीत वाव थोडा. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘म्हंजी’ असे लिहिले की ते तसेच ऐकू येते. तरीही वाव अगदीच नाही असे नव्हे. ‘आणि’ हा शब्द दीर्घ लिहिला तर उच्चारात काही फरक पडत नाही, पण पात्राने लिहिलेल्या पत्रात तो तसा आला की वाचक मनातल्या मनात त्या पात्राला खालच्या वर्गात बसवितो. निवेदनात ‘केले’ आणि पात्राच्या तोंडी ‘केलं’ ही व्यवस्था मात्र निराळी: तेथील भेद कानालाही कळतो.

इंग्रजी वेस्टर्नमध्ये निवेदन व संवाद ह्यांमधील भिंत अधिक उंच आहे, आणि ध्वनिमुद्रणात सर्वांत मोठी पडझड होते ती ह्या भिंतीची. निवेदक प्रमाण इंग्रजीत, क्वचित अलंकारिक इंग्रजीत बोलतो. पूर्वेकडून आलेली शिक्षिका व पेढीचा मालक ह्यांची वाक्ये व्याकरणशुद्ध. नायकाच्या शब्दान्तीचा ‘जी’ गळालेला, पण तेवढेच; त्याची प्रतिष्ठा राहिली पाहिजे. त्याच्या विनोदी सोबत्याच्या बोलण्यात लोपचिन्हांची दाटी. आणि सर्वांत खाली मेक्सिकन चरवाहा, कृष्णवर्णीय नोकर व गोठ्यावरचा चिनी आचारी. पेढीचा मालकही घाईने बोलताना अक्षरे गिळत असणारच. पण त्याची गिळलेली अक्षरे छापली जातात आणि गुराख्याची छापली जात नाहीत. म्हणजे शुद्धलेखनाने येथे उच्चारांची नोंद केलेली नाही. पंक्ती मांडल्या आहेत.

एकच कंठ हे सर्व वाचू लागला म्हणजे काय होते? अभिवाचक पश्चिमेकडील असेल व आपल्या सहज उच्चारात निवेदनही वाचीत असेल, तर निवेदक खाली उतरून गुराख्यांच्या पंक्तीस येऊन बसतो आणि पूर्वेची शिक्षिकाच परकी वाटू लागते. ब्रिटिश अभिवाचकाच्या बाबतीत उलट घडते. निवेदक आणखी वर चढतो व गुराखी नाटकातले होतात. कथा तीच, शब्द तेच, पण कोण कोणाकडे पाहून बोलत आहे हे बदलते.

चिनी आचाऱ्याच्या संवादापाशी हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. ‘र’च्या जागी ‘ल’, शब्दाशब्दाला जोडलेला ‘ई’, प्रत्ययांचा लोप, अशा ठराविक साच्यात ते संवाद लिहिलेले असतात. हा साचा कोणा एका माणसाचे बोलणे ऐकून घेतलेला नाही. एका कथेतून दुसरीत असा तो उतरत आला. मुकाट वाचणारा वाचक अशा ओळींवरून डोळा फिरवून पुढे जाऊ शकतो. अभिवाचकाला ती सोय नाही. त्याला तो आवाज स्वतःच्या तोंडाने काढावा लागतो किंवा काढावयाचा नाही असे ठरवावे लागते. शब्द तसेच ठेवून स्वर सौम्य करणे हा मधला मार्गही आहे. तिन्ही मार्ग म्हणजे संहितेवरील भाष्येच होत. ज्या उपहासाची जबाबदारी छापील पानावर कोणाचीच नव्हती, तिला येथे एक जिवंत धनी मिळतो. श्राव्य आवृत्ती म्हणजे मूळ कथेची निव्वळ प्रत, असे मानणाऱ्यांनी ह्या एका जागेचा विचार करावा.

लेखकाला त्या प्रदेशाची भाषा ठाऊक होती की नाही, हेही ऐकताना बरेच कळते. हॉपअलाँग कॅसिडी ह्या सुप्रसिद्ध गुराख्याचे जनक क्लॅरेन्स मल्फर्ड ह्यांनी त्याच्या पहिल्या कथा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहून लिहिल्या. त्यांतील बोली पुस्तकांतून जमविलेली. ह्याच्या दुसऱ्या टोकाला टेक्ससमधील क्रॉस प्लेन्स गावचे रॉबर्ट हॉवर्ड (१९०६–१९३६). ब्रेकिनरिज एल्किन्स ह्या आडदांड पहाडी इसमाच्या त्यांच्या कथा १९३४ पासून ‘ॲक्शन स्टोरीज’ मासिकात आल्या. त्या आरंभापासून अखेरपर्यंत एल्किन्सच्याच तोंडून सांगितलेल्या आहेत. निवेदकच बोलीत बोलत असल्याने तेथे भिंत नाही, पंक्ती नाहीत. आणि थापा मारणाऱ्याने शांत सुरात थाप मारीत राहावे ही जी लोककथनाची रीत, ती अभिवाचकाला आयती सापडते. हॉवर्ड टंकलेखन करीत असताना कथा मोठ्याने म्हणत, अशा आठवणी त्यांना ओळखणाऱ्यांनी नोंदविल्या आहेत. ही माहिती नसतानाही त्या कथा ऐकणाऱ्यास तसा संशय यावा इतकी त्यांची वाक्ये श्वासाला धरून आहेत.

मोंटानात जन्मलेले डब्ल्यू. सी. टटल हे आणखी पुढे गेले. त्यांचा हॅशनाइफ हार्टली हा नायक १९५०–५१ मध्ये अमेरिकन रेडिओवर आला तेव्हा निवेदन स्वतः टटल ह्यांनीच केले. महाराष्ट्रात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व द. मा. मिरासदार ह्यांच्या कथाकथनांनी श्रोत्यांना जे दिले ते ह्याच जातीचे: बोली लिहिणारा आणि बोली बोलणारा एकच. असा लेखक स्वतःच्या लेखनाकडे केवळ टिपणासारखे पाहतो आणि टिपणात जे नाही ते आवाजात भरतो. परक्या अभिवाचकाला मात्र टिपणापलीकडे काहीच ठाऊक नसते.

आवाजात काय भरावे लागते ह्याचे उत्तम उदाहरण पल्पमध्ये नसून ओवेन विस्टर ह्यांच्या ‘द व्हर्जिनियन’ (१९०२) ह्या कादंबरीत आहे, जिच्यापासून ह्या वाङ्मयप्रकाराने पुष्कळसे उचलले. तेथे एकच शिवी मित्राने दिली तर लाड ठरते व प्रतिस्पर्ध्याने दिली तर हात पिस्तुलाकडे जातो. सारा प्रसंग सुराचा आहे आणि सूर लिहिण्याची सोय लिपीत नाही. पल्प लेखकांनी ह्यावर जो उपाय काढला तो म्हणजे ‘म्हणाला’ ह्या क्रियापदाची हकालपट्टी: पात्रे गुरगुरतात, फूत्कारतात, शब्द लांबवीत बोलतात. समीक्षकांनी ह्याची यथेच्छ टिंगल केली आहे. ऐकताना ह्या क्रियापदांची अडचण निराळीच होते. ती बहुधा वाक्य संपल्यावर येतात. अभिवाचकाने वाक्य साध्या सुरात म्हणून टाकलेले असते आणि मग कळते की ते गुरगुरून म्हणावयाचे होते. पुढचे वाचून ठेवणारा अभिवाचक आधीच गुरगुरतो, आणि मग ते क्रियापद पुनरुक्त ठरते.

पुनरुक्ती तरी सर्वस्वी दोष आहे काय? शब्दागणिक पैसे मिळणाऱ्या लेखकाने घोड्याचा रंग तीनदा सांगितला तर वाचक कंटाळतो. श्रोता कंटाळत नाही. त्याला पान मागे उलटता येत नसल्याने तोच आधार असतो. वॉल्टर ऑन्ग ह्यांनी १९८२ मध्ये मौखिक परंपरेच्या विवेचनात पुनरुक्तीला जे स्थान दिले ते येथे अनपेक्षितपणे लागू पडते. वर्णनाच्या ह्या पाल्हाळास कारण पैशाचे झाले, परंपरेचे नव्हे. पण कानाला कारणाशी कर्तव्य नसते.

राहता राहिली खास पश्चिमेची शब्दसंपत्ती. ती बरीचशी स्पॅनिश चरवाह्यांकडून आलेली आहे: ‘लॅरिअट’, ‘रँच’, ‘मस्टँग’ हे शब्द त्याच घराण्याचे. पायांवर चढवावयाच्या कातडी आवरणाला ‘चॅपरेरास’ ह्या स्पॅनिश शब्दापासून जे संक्षिप्त नाव मिळाले त्याचे लेखन ‘चॅप्स’ असे वाचले जाण्याजोगे आहे, पण गुराख्यांचा उच्चार ‘शॅप्स’. ‘कायोटी’ ह्या रानटी कुत्र्यासारख्या प्राण्याला पश्चिमेत पुष्कळ ठिकाणी दोनच अवयवांत ‘कायोट’ म्हणतात. हे शब्द पल्प कथांत सर्रास रूढ शुद्धलेखनाने छापलेले असतात. त्यांना ना लोपचिन्ह, ना बिघडविलेले अक्षर. एस्-ई-झेड् लिहून ज्यांनी कोणताही ध्वनिभेद न दाखविता बोलीचा देखावा उभा केला, त्यांनी जेथे खरा ध्वनिभेद होता तेथे बहुधा काहीच खूण ठेवली नाही. ती जागा अभिवाचकाच्या लक्षात येते की नाही, हे पहिल्याच पानावर ‘शॅप्स’ शब्द येताच श्रोत्याला कळून चुकते.