दाबलेले चित्र, गाळलेला प्रकाश

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले, की आठ-दहा किलोमीटरवर पवनार येते. गावाजवळून धाम नदी वाहते. काठावरच्या उंचवट्यावर विनोबांचा परमधाम आश्रम आहे. विनोबा १९३८ साली येथे राहावयास आले. महात्मा गांधींच्या अस्थींचे १९४८ साली याच नदीत विसर्जन झाले. पावसाळा सरून पाणी निवळले, की पात्रातील काळे खडक उघडे पडतात. काही पाण्यावर, काही पाण्याखाली.

समजा, घरातल्या जुन्या पेटीत तुम्हांला एक सुपर ८ कॅमेरा सापडला आणि हा देखावा तुम्हांला टिपायचा आहे. ८ मि.मी. रुंदीची ही फिल्म घरगुती चित्रीकरणासाठी कोडॅक कंपनीने १९६५ साली बाजारात आणली. तिच्या ५० फुटांच्या रिळात ३,६०० चित्रे मावतात. सेकंदाला १८ चित्रे या वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंदांत संपतात. मोबाइलप्रमाणे पुसून पुन्हा घेण्याची सोय येथे नाही.

नदीकाठी उभे राहताच दोन अडचणी येतात. नदी आडवी पसरलेली, पण कॅमेऱ्याची चौकट मात्र आखूड. शिवाय पाण्यावर आकाशाची चकाकी असते, त्यामुळे तळाचे खडक दिसत नाहीत. दोन्ही अडचणींवर उपाय आहे. पहिलीवर अॅनामॉर्फिक भिंग, दुसरीवर पोलरायझिंग फिल्टर. दोन्ही कॅमेऱ्याच्या तोंडाशीच बसतात. पण त्यांच्या कामात एक मोठा फरक आहे. एकाने केलेला बदल नंतर उलटवता येतो, दुसऱ्याने केलेला कधीच उलटवता येत नाही. तो का, हे आता पाहू.

पेल्यातला लांबोडका चेहरा

स्टीलचा उभ्या बाजूंचा चकचकीत पेला समोर धरा आणि त्यात आपला चेहरा पाहा. चेहरा अरुंद दिसेल, पण त्याची उंची जवळजवळ तशीच राहील. पेला आडव्या दिशेने वळलेला आहे, उभ्या दिशेने तो सरळ आहे. म्हणून प्रतिमा एकाच दिशेने दाबली जाते. पेल्याचा पृष्ठभाग जे आरशाने करतो, तेच अॅनामॉर्फिक भिंग दंडगोलाकार काचांनी करते.

फ्रान्समधील आंरी क्रेतिएँ यांनी १९२० च्या दशकात अशी भिंगे सिनेमासाठी तयार केली. अमेरिकेतील एका चित्रपट कंपनीने तीच कल्पना घेऊन १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट पडद्यावर आणला. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे होते.

आता सुपर ८ चा हिशेब करू. पडद्यावर दिसणारे चित्र फिल्मवर सुमारे ५.४ मि.मी. रुंद व ४ मि.मी. उंच असते, म्हणजे प्रमाण जवळजवळ ४ : ३. दीडपट दाबणारे भिंग लावले, तर त्याच जागेत दीडपट रुंदीचा देखावा मावतो. दाखवताना प्रक्षेपकापुढे तसेच भिंग धरले, की चित्र पुन्हा पसरते आणि प्रमाण २ : १ होते. मधल्या काळात फिल्मवर गोल चाक उभट अंड्यासारखे दिसते, पण त्यात बिघडले काहीच नाही. दाबलेले पुन्हा तितकेच ओढले, की चाक गोल होते.

भिंगाऐवजी चित्राचा वरचा-खालचा भाग झाकूनही २ : १ प्रमाण मिळाले असते. पण मग फिल्मचा एक तृतीयांश भाग वाया गेला असता. इवल्याशा फिल्मवर हे परवडत नाही. अर्थात भिंगालाही मर्यादा आहे. पसरवताना फिल्मचे कणही दीडपट रुंद होतात, त्यामुळे चित्र थोडे भरड दिसते.

एका दिशेचे कंपन

प्रकाशलहरी ज्या दिशेने जाते, त्या दिशेला काटकोनात तिची कंपने होतात. सूर्याच्या प्रकाशात ही कंपने सर्व बाजूंना असतात. पण तो पाण्यावर तिरपा पडून परावर्तित झाला, की त्यात मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, म्हणजे आडवी कंपने उरतात. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो, हे फ्रान्समधील मालुस यांच्या १८०८ साली लक्षात आले. कोणत्या कोनात तो पूर्ण ध्रुवित होतो, याचा नियम स्कॉटलंडच्या ब्रूस्टर यांनी १८१५ साली सांगितला. अमेरिकेतील एडविन लँड यांनी पातळ ध्रुवक पापुद्र्यासाठी १९२९ साली पेटंट मागितले, तेव्हापासून असे फिल्टर स्वस्त होत गेले.

फिल्टर फक्त एका दिशेचे कंपन पलीकडे जाऊ देतो. तो फिरवून उभा केला, की पाण्यावरची आडव्या कंपनांची चकाकी अडते. तळाच्या खडकांकडून येणाऱ्या प्रकाशात सर्व दिशांची कंपने असतात, त्यातली बरीचशी पार होतात. म्हणून झाकलेले खडक एकाएकी दिसू लागतात.

पाण्यासाठी हा कोन स्तंभिकेशी सुमारे ५३ अंश, म्हणजे पाण्याच्या पातळीशी ३७ अंश येतो. भूमितीतला ३-४-५ चा त्रिकोण आठवा. कॅमेरा पाण्यापासून ३ मीटर उंच असेल, तर ४ मीटर दूरच्या पाण्यावरची चकाकी सर्वांत जास्त कमी होते. दीड मीटर उंचीवरून हे अंतर २ मीटर भरते. पलीकडच्या काठाजवळची चकाकी मात्र पुरती जात नाही, कारण तेथून प्रकाश फारच तिरपा येतो.

याची किंमत प्रकाशाने मोजावी लागते. फिल्टरमधून सुमारे पाव ते एक तृतीयांश प्रकाशच आत जातो, म्हणून कॅमेऱ्याचे छिद्र दीड ते दोन टप्पे मोठे करावे लागते. उदाहरणार्थ, एफ ११ वरून एफ ५.६. आणि अडलेली कंपने फिल्मवर उमटतच नाहीत. चकाकीत चमकणारा आकाशाचा निळा पट्टा नंतर हवासा वाटला, तरी तो परत मिळवण्याचे साधन नाही.

दोन्ही एकत्र लावताना

खरी परीक्षा येथे आहे. अनेक भिंगांचे तोंड फोकस करताना फिरते. अॅनामॉर्फिक भिंग त्यावर नुसते अडकवले, तर तेही फिरेल आणि पडद्यावर आश्रमाच्या भिंती कलतील. म्हणून ते वेगळ्या पट्टीने सरळ पक्के करतात आणि दोन्ही भिंगांचे फोकस एकाच अंतरावर लावतात. फिल्टरही भिंगाबरोबर फिरून चालत नाही, म्हणून फोकस आधी आणि फिल्टर शेवटी. दर्शिकेतून फिल्टरचा परिणाम दिसत नसेल, तर फिल्टर डोळ्यासमोर फिरवून पाहावा, कडेवरची खूण ध्यानात ठेवावी आणि तसाच बसवावा.

आणखी एक फसगत आकाशात असते. निळे आकाशही ध्रुवित असते, पण सर्वत्र सारखे नाही. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात ते सर्वांत जास्त ध्रुवित असते. १२ मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगाला आडवे सुमारे २७ अंश दिसतात. दीडपट भिंग लावले, की सुमारे ४० अंश. इतक्या रुंद चित्रात आकाश एका बाजूला गडद निळे व दुसऱ्या बाजूला फिके येते. चित्र पसरवल्यावरही हा डाग तसाच राहतो.

पवनार २१ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. डिसेंबरअखेरीस सूर्य तेथे मध्यान्ही सुमारे ४६ अंश उंच असतो, तेव्हा हा पट्टा उत्तरेकडे ४४ अंश उंचीवर असतो आणि पूर्व-पश्चिम क्षितिजाला टेकतो. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य माथ्यावर आला, की पट्टा सगळ्या क्षितिजाभोवती फिरतो. पण त्या दिवसांत हवेत धूळ असते, म्हणून परिणाम फिका पडतो.

करून पाहा

कॅमेरा नसला तरी चालेल. ध्रुवक काचेचा गॉगल मिळवा. तो संगणकाच्या किंवा गणकयंत्राच्या एलसीडी पडद्यासमोर हळूहळू फिरवा; एका स्थितीत पडदा काळा होईल. मग सूर्याकडे पाठ करून आकाश न्याहाळा. एक बोट सूर्याच्या दिशेला आणि अंगठा त्याला काटकोनात ताणून मनगट फिरवा. अंगठा ज्या पट्ट्यावरून फिरेल, तेथे आकाश सर्वांत गडद होईल. सूर्याकडे मात्र गॉगलमधून कधीही पाहू नका. तो डोळ्यांचे रक्षण करत नाही.

शेवटी बादलीभर पाण्यात एक काळा दगड टाका आणि दीड मीटर उंचीवरून, दोन मीटर दूर उभे राहून गॉगल आडवा-उभा करत पाहा. दगड दिसू लागला, तर चकाकी नाहीशी झालेली असेल. आता प्रश्न असा, की चित्रात ठेवावे काय, दगड की आकाश? चौकट किती रुंद करायची, हे घरी येऊन सुधारता येईल. हा निर्णय मात्र नदीकाठीच, बटण दाबण्यापूर्वी घ्यावा लागतो.