घरचा संगणक, भाग ७ : रॅम घेण्याआधी काळे चौकोन मोजा

मागच्या भागात आपण जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. आता संगणक लवकर सुरू होतो, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की रेंगाळतो, कारण रॅम दोनच जीबी आहे. ती वाढवायची म्हणून नवी आणून बसवावी, तर स्क्रीन काळी राहते आणि मदरबोर्ड बीप देत बसतो. दुकानदार म्हणतो रॅम चांगली आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं खरंही असतं.

उदाहरणाला इंटेलच्या जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड घेऊ. हा चिपसेट २००८ साली आला. कोअर टू ड्युओ आणि पेन्टियम ड्युअल कोअरचे असे संगणक शाळांच्या प्रयोगशाळांत आणि लहान कार्यालयांत अजून दिसतात. यातले काही बोर्ड डीडीआर२ रॅम घेतात, काही डीडीआर३. दोन्हींना २४० पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, १.८ आणि १.५. म्हणून रॅम सहज बसत नसेल तर जोर लावू नका. काही बोर्डांवर दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात, पण एका वेळी एकच प्रकार चालतो.

बसवताना वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. रॅमच्या दोन्ही कडांना सारखा दाब द्या; दोन्ही क्लिपा खटकन बसल्या पाहिजेत. तरी बीप आले तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने पुसा आणि कण झटकून टाका. मग एकटी नवी रॅम आधी एका, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली की बायोसच्या जुन्या सेटिंगही पुसल्या जातात.

एवढं करूनही जुनी रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चालते आणि नवी एकाही नाही, असं झालं तर नव्या रॅमवरचे काळे चौकोन मोजा. त्या मेमरीच्या चिप. चार जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ही क्षमता २ गिगाबिटच्या १६ चिप लावून करता येते, किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिप लावूनही. लेबलावर दोन्हीकडे ‘४ जीबी डीडीआर३’ असंच छापलेलं असतं. पण जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप हाताळता येते. त्यामुळे दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेली रॅम चालते आणि एकाच बाजूला आठ असलेली चालत नाही. अलीकडच्या चार जीबी रॅम बहुतेक आठ चिपच्याच असतात, म्हणून नवी कोरी रॅमच जास्त त्रास देते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरच्या बोर्डांवर हीच मर्यादा एक पायरी वर आहे: तिथे १६ चिपची आठ जीबी रॅम चालते, ८ चिपची नाही.

स्वस्तात मिळणाऱ्या ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेल्या रॅमपासूनही दूर राहा. त्यांच्या चिपची रचना इंटेलच्या साध्या डेस्कटॉपला वाचता येत नाही. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅमही या बोर्डांवर चालत नाही.

संगणक सुरू झाला, पण चार जीबी लावूनही विंडोज सव्वातीनच्या आसपास दाखवत असेल, तर बहुधा तुमची विंडोज ३२ बिटची आहे. रॅममध्ये दोष नाही. ६४ बिटची विंडोज किंवा लिनक्स टाकावी लागेल. ती असूनही आकडा कमी दिसला तर बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ चालू आहे का ते पाहा. एमएसकॉन्फिगमधल्या ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. ती सोय रॅम वाढवण्यासाठी नाही, मर्यादित करण्यासाठी आहे.

सगळं जुळलं की पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. त्यात एकही लाल ओळ आली तरी रॅम परत करा. क्वचित बिघडणारी रॅम न चालणाऱ्या रॅमपेक्षा घातक असते, कारण ती तुमच्या फायली गुपचूप खराब करते.

जी४१ ची कमाल मर्यादा आठ जीबी आहे. १६ चिपच्या चार-चार जीबीच्या दोन रॅम मिळाल्या तर घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेल्या रॅमही मिळतात आणि या कामाला त्या चालतात. जाताना जुनी रॅम आणि मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक सोबत न्या, आणि पैसे देण्याआधी रॅमच्या दोन्ही बाजू उलटून पाहा.