शाल-श्रीफळाने विमान उडत नाही

पवई, अंधेरी, घाटकोपर येथील रहिवाशांस विमानांची घरघर नवी नाही. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे आता कोणी मान वर करूनही पाहत नाही. परंतु ते चालविणाऱ्याच्या जागी आपल्या शेजारची मुलगी बसली असेल, ही कल्पना अद्याप पुष्कळांच्या पचनी पडलेली नाही. त्यांच्याकरिता याच उपनगरांतील एका कन्येचा वृत्तांत आम्ही येथे देत आहो.

बोरिवलीच्या आरोही पंडित यांनी बॉम्बे फ्लाइंग क्लबात विमानविद्या संपादन केली. मे 2019 मध्ये, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी, स्कॉटलंडमधील विक येथून निघून आइसलँड व ग्रीनलंडमार्गे त्या कॅनडातील इकालुइट येथे उतरल्या. ‘माही’ नावाच्या एक-एंजिनी हलक्या विमानात त्या एकट्याच होत्या. ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ या वर्गातील विमानातून अटलांटिक महासागर एकटीने ओलांडणारी ही जगातील पहिली स्त्री होय. त्याच वर्षी ऑगस्टात बेरिंग समुद्र लंघून त्यांनी रशियातील अनादिर गाठले.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले. त्याच 1932 साली उर्मिला पारीख यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. असा परवाना मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. टाटांच्या त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ आरोहीबाई 15 ऑक्टोबर 2021 रोजी भुजहून जुहूस आल्या. 1971 च्या युद्धात बाँबने उखडलेली भुजची धावपट्टी माधापरच्या सुमारे 300 स्त्रियांनी 72 तासांत दुरुस्त केली होती. तेव्हा स्त्रियांच्या ठायी धैर्य नाही, असे म्हणणाऱ्याने प्रथम इतिहास वाचावा!

आज आपल्या देशातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा 12 ते 15 च्या घरात आहे, आणि ते जगाच्या सरासरीहून दुप्पट-तिप्पट आहे. मग उरलेल्या मुली अडतात कोठे? आमच्या मते, बुद्धीपाशी नव्हे, तर तिजोरीपाशी. व्यावसायिक परवान्यास 200 तासांचे उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारा बाप मुलीच्या नावे ठेवलेली रक्कम मात्र लग्नासाठी राखतो. मांडव, मेजवानी व मानपान यांत ती एका दिवसात उडून जाते. त्याच रकमेत किती तास विमान उडाले असते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस हिशेब शिकविण्याचे कारण नाही. यशस्वी कन्येस गणेशोत्सवाच्या मांडवात शाल व श्रीफळ देणे सोपे आहे. पण त्याने विमान उडत नाही. प्रत्येक व्यापारी संघाने व ज्ञातिसंस्थेने आपल्या फंडातून दरवर्षी एका तरी होतकरू मुलीच्या उड्डाणशिक्षणाचा भार उचलावा. सत्कार मागाहून करता येईल. पैसा मात्र आधी लागतो.