साखर उजळते, मीठ अंधारात

फराळाच्या धांदलीत साखरेचा डबा आणि मिठाची बरणी ओट्यावर शेजारी शेजारी येतात आणि चमचा चुकीच्या ठिकाणी जातो. हे घरोघरी घडते. चव न घेता दोन्ही दाणे ओळखण्याची एक युक्ती आहे, फक्त भलतीच महागडी. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लेसरचे जोरदार स्पंद दोन्हींवर सोडायचे. साखरेच्या दाण्यातून हिरवा प्रकाश बाहेर पडतो, नेमका निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा. मीठ काळोखातच राहते.

दोन्ही पांढरे, दोन्ही स्फटिक. मग हा भेदभाव का?

कारण आत आहे, मांडणीत. मिठातल्या कोणत्याही सोडियमपाशी उभे राहून एका दिशेला ठरावीक अंतरावर जे सापडते, तेच बरोबर उलट दिशेला तितक्याच अंतरावर सापडते. ठिपक्यांच्या रांगोळीत मधला ठिपका धरून समोरासमोरचे ठिपके जुळवतात, तसेच. साखरेचे तसे नाही. तिचा रेणू शंखासारखा एकाच बाजूला वळलेला असतो. उजव्या वळणाचे शंख कसेही रचले, तरी समोरासमोरची जोडी जुळवायला डाव्या वळणाचा शंख लागतो आणि तो ढिगात नसतोच. त्यामुळे साखरेच्या स्फटिकाला असा मध्यबिंदू असूच शकत नाही.

मध्यबिंदू नसला की इलेक्ट्रॉन लेसरच्या तालावर सरळ झुलत नाहीत. भिंतीलगत टांगलेल्या झोपाळ्याची कल्पना करावी: पुढचा झोका मोकळा, मागचा अडलेला. अशा एकांगी झोक्यात मूळ तालाच्या दुप्पट वेगाचा तालही मिसळतो आणि तोच दुप्पट वारंवारतेचा प्रकाश म्हणून बाहेर पडतो. दोन्हीकडचे झोके सारखे असतील, तर हा दुसरा ताल उमटत नाही. व्याख्यानात पडद्यावर नाचणारा हिरवा लेसर-ठिपका बहुधा याच करामतीतून येतो. तो ठिपका टाकणाऱ्या नळीत अवरक्त प्रकाशाला हिरवा करणारा एक चिमुकला स्फटिक बसवलेला असतो.

हा परिणाम पहिल्यांदा दिसला १९६१ साली, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात. थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटवून जेमतेम वर्ष झाले होते. पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा तांबडा किरण क्वार्ट्झच्या स्फटिकातून सोडला आणि ३४७ नॅनोमीटरच्या जागी, म्हणजे अतिनील पट्ट्यात, छायाचित्रपट्टीवर एक बारीकसा ठिपका उमटला. लेख 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला, पण ठिपका गायब! छपाईच्या वेळी तो डाग समजून पुसला गेला, असे सांगतात. अंकातल्या चित्रात बाण आहे, आणि बाणाच्या टोकाशी काहीच नाही. पुढे एक पूर्ण ज्ञानशाखा ज्यातून उभी राहिली, त्या शोधाचा पुरावा म्हणून वाचकांपुढे कोरी जागा आली.

१९७४ मध्ये हेलवर्थ आणि क्रिस्टेन्सन यांनी हा परिणाम सूक्ष्मदर्शकात आणला. आजच्या यंत्रात लेसरचे स्पंद साधारण शंभर फेम्टोसेकंदांचे असतात आणि सेकंदाला सुमारे आठ कोटी येतात. हिशेब केला तर लेसर सव्वा लाखात एक भाग वेळच पेटलेला असतो. म्हणून क्षणिक जोर प्रचंड, पण नमुना तापून करपत नाही. दोन हलते आरसे किरणाचा केंद्रबिंदू नमुन्यावर ओळीओळीने फिरवतात, गाळणी मूळ प्रकाश अडवते आणि उरलेला प्रकाश संगणक बिंदू-बिंदू मांडत जातो.

याची खरी गरज प्रथिनांवर काम करणाऱ्यांना होती. प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी वाचायची, तर आधी त्याचा स्फटिक हवा. त्यासाठी ९६ खळग्यांच्या पट्ट्यांमध्ये सुईच्या टोकाएवढे थेंब ठेवायचे आणि आठवडेच्या आठवडे डोळे ताणून पाहायचे. पेशीपटलातल्या प्रथिनांचे स्फटिक तर दाट, चिकट स्निग्ध लगद्यात वाढतात. काही मायक्रोमीटरचा दाणा त्यात साध्या प्रकाशात हरवतो. अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात गार्थ सिम्पसन यांच्या गटाने २०१० च्या आसपास इथे हा सूक्ष्मदर्शक वापरला. प्रथिनांचे रेणू शंखांसारखेच एका वळणाचे, म्हणून त्यांच्या स्फटिकाला मध्यबिंदू नाही. विस्कळीत साका, द्रावण, लगदा हे सगळे काळे, आणि स्फटिक तेवढा चमकतो. किरणाच्या कंपनाची दिशा फिरवून पाहिले की चमक कमी-जास्त होते. एकसंध दिसणारा दाणा खरोखर एक आहे, की चार दाणे वेडेवाकडे चिकटलेत, हे त्यावरून कळते.

अर्थात ही परीक्षा आंधळेपणाने मानण्यासारखी नाही. काही क्षारांनाही मध्यबिंदू नसतो, तेही चमकतात. उलट जास्त सममिती असलेले काही प्रथिन-स्फटिक इतके मंद उजळतात की नजरेतून सुटावेत. म्हणून प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची प्रतिदीप्ती दाखवणारे दुसरे चित्रही सोबत घेतात आणि दोन्ही पडताळून पाहतात.

औषधनिर्मितीत मात्र स्फटिकाचा मामला पैशाचा आणि जिवाचा असतो. एचआयव्हीवरचे रिटोनाविर १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच रेणूचा दुसराच स्फटिक कॅप्सुलमध्ये तयार होऊ लागला. तो कमी विरघळणारा असल्याने कॅप्सुल मागे घेऊन औषधाची घडण बदलावी लागली. रेणू तोच, रचना निराळी. अशी दोन रूपे वेगळी ओळखायला केवळ चमक पुरत नाही. तिथे लेसरचा दुसरा सूक्ष्मदर्शक कामी येतो, चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलेल्या परिणामावर चालणारा. स्फटिकात रेणूंची सामूहिक थरथर रूपागणिक बदलते, आणि विखुरलेल्या प्रकाशात तिची खूण उमटते.

अणूंच्या नेमक्या जागा सांगायचे काम अजून क्ष-किरणांचेच. शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत क्ष-किरण आणि हिरवी चमक टिपणारा सूक्ष्मदर्शक ही दोन्ही साधने एकाच ठिकाणी बसवली आहेत. गोठवलेल्या थेंबाचा धूसर गोळा यंत्रात अडकवतात, लेसर त्यावरून फिरतो, आणि पडद्यावर काळोखात एक उजळ ठिगळ दिसते. मोटारी सरकतात, ठिगळ नेमके मध्यभागी येते, आणि मग क्ष-किरणांची झडप उघडते.