इग्वासू : प्रपात आणि त्याचे अरण्य

गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि जवळजवळ दीड हजार किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. अशीच जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवणारी एक नदी दक्षिण अमेरिकेत आहे. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याला लागून असलेल्या डोंगरांत, कुरितिबा शहराच्या परिसरात ती जन्माला येते आणि समुद्र सोडून पश्चिमेची वाट धरते. तेराशे किलोमीटरांच्या प्रवासानंतर ती पाराना या मोठ्या नदीला मिळते. मात्र मिळण्यापूर्वी २३ किलोमीटर अलीकडे तिच्या पायांखालची जमीनच संपते! गुआरानी आदिवासींच्या भाषेत ‘इ’ म्हणजे पाणी आणि ‘ग्वासू’ म्हणजे मोठे. म्हणून नदीचे नाव इग्वासू.

येथे कड्याची धार सुमारे २·७ किलोमीटर लांब आहे आणि उंची ठिकठिकाणी ६० ते ८२ मीटर, म्हणजे काही जागी कुतुबमिनाराहूनही अधिक. धारेवर झाडीने भरलेली लहानमोठी बेटे असल्यामुळे पाणी एकसंध पडत नाही, त्याचे अनेक प्रपात होतात. पुस्तकांतून २७५ हा आकडा नेहमी आढळतो. पण तो पाठ करण्यात अर्थ नाही. पूर आला की शेजारचे प्रपात एकमेकांत मिसळतात आणि पाणी ओसरले की एकाचे तीन होतात.

नदीच्या एका काठाला ब्राझील, दुसऱ्या काठाला अर्जेंटिना. दोन्ही देशांनी येथे राष्ट्रीय उद्याने केली आहेत. अर्जेंटिनाचे १९३४ सालचे, ब्राझीलचे १९३९ सालचे. ब्राझीलच्या काठावरून सगळे दृश्य समोर मांडल्यासारखे दिसते. अर्जेंटिनाच्या काठावरून मात्र तुम्ही त्या दृश्याच्या आतच शिरता. तेव्हा आपण अर्जेंटिनाच्या बाजूने, एका वाटाड्याला बरोबर घेऊन निघू. वाटाड्या हवाच. पाणी कोणालाही दिसते, पण त्या पाण्याभोवती काय चालले आहे ते दाखवायला जाणता माणूस लागतो.

जंगलातून हळूहळू जाणारी एक छोटी आगगाडी आपल्याला नदीच्या वरच्या अंगाला सोडते. पुढे नदीच्या पात्रावरूनच सुमारे एक किलोमीटर लांबीचा पायपूल जातो. खाली पाणी अगदी संथ आहे. शेजारी पात्रात मोडक्या खांबांची एक रांग दिसते, ती जुन्या पुलाची. १९८३ च्या पुरात तो वाहून गेला. मग कानांवर गुरगुर येऊ लागते, अंगावर तुषार येतात, आणि एकदम समोर नालेच्या आकाराची एक अरुंद घळ उघडते. हा ‘सैतानाचा घसा’. नदीचे जवळजवळ निम्मे पाणी या एकाच घशात उतरते.

हे पाणी किती? सरासरीने सेकंदाला सुमारे १,५०० घनमीटर, म्हणजे पंधरा लाख लिटर. दहा हजार लिटरांचा पाण्याचा टँकर तुम्ही पाहिला असेल. असे दीडशे टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत असे समजा. हे झाले रोजचे. ऑक्टोबर २०२३ च्या पुरात हा आकडा सुमारे २४,००० घनमीटरांवर गेला होता आणि जून २०१४ मध्ये ४६,००० च्याही वर! असा पूर आला की पायपूल बंद करावा लागतो.

आता कठड्याला टेकून समोरचा खडक नीट पाहा. काळा, उभ्या भेगांचा, एकावर एक थर रचल्यासारखा. कोठे पाहिला आहे बरे हा? कसारा किंवा खंबाटकी घाटातून तुम्ही गेला असाल, तर उत्तर तुमच्याजवळच आहे. हा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. वय मात्र वेगळे. आपल्याकडचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. पारानाच्या खोऱ्यातला सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी. त्या वेळी दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींना चिकटलेल्या होत्या. पुढे त्या दुभंगल्या, आणि त्याच लाव्हाचा एक तुकडा आज अटलांटिक महासागरापलीकडे नामिबियात सापडतो.

लाव्हाचे लोट एकामागून एक आले. प्रत्येक लोट निवताना त्याच्या पोटातील खडक घट्ट झाला आणि आकसल्यामुळे त्याला उभ्या भेगा पडल्या. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून तो सच्छिद्र आणि ठिसूळ. घट्ट थर, ठिसूळ थर, पुन्हा घट्ट थर अशी ही रचना आहे. पाणी ठिसूळ थर कोरून काढते. वरच्या घट्ट थराचा आधार जातो आणि उभ्या भेगेला धरून त्याचा मोठा तुकडा कोसळतो. त्यामुळे कडा झिजून उतरता होत नाही. तो उभाच्या उभा राहून मागे सरकतो.

मागे सरकतो म्हणजे किती? पाराना नदीने आपले पात्र भराभर खोल केले, इग्वासूला तो वेग साधला नाही; म्हणून दोघींच्या संगमावर हा प्रपात जन्मला, असे भूवैज्ञानिक मानतात. आज तो संगमापासून २३ किलोमीटर मागे आहे. सरकण्याचा वेग वर्षाला दीड ते दोन सेंटिमीटर असावा असा एक अंदाज आहे. २३ किलोमीटरांचे सेंटिमीटर करा आणि भागाकार मांडा. साडेअकरा ते साडेपंधरा लाख वर्षे हे उत्तर येईल. वर्षाला दोन सेंटिमीटर हा वेग तुमच्या नखाच्या वाढीपेक्षाही कमी आहे. (नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पडताळून पाहा.)

येथे वाटाड्या बोट दाखवतो. पाण्याच्या पडद्यावर काळे ठिपके झेपावत आहेत. एक ठिपका सरळ पाण्यात घुसतो आणि नाहीसा होतो. तो बुडाला नाही, घरी गेला! ही मोठ्या आकाराची एक काळपट पाकोळी आहे. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या आढ्याला घरटी करणाऱ्या आपल्या पाकोळ्यांची ही नातेवाईक. पाकोळ्यांचे पाय अगदी आखूड असतात. त्यांना फांदीवर नीट बसता येत नाही, उभ्या पृष्ठभागाला नखांनी लटकता मात्र येते. या पाकोळ्यांनी लटकण्यासाठी प्रपातामागचा ओला खडक निवडला. तेथेच शेवाळ आणि चिखल यांचे घरटे. सापाने, माकडाने किंवा ससाण्याने तेथपर्यंत पोचावे कसे? दिवसभर त्या जंगलावर उडत किडे टिपतात आणि संध्याकाळी थव्याथव्याने परत येऊन पाण्याच्या फटींतून आत शिरतात.

उन्हाची तिरीप असेल तर घशात इंद्रधनुष्य दिसते. सूर्य पाठीमागे आणि तुषार समोर असले पाहिजेत, एवढे तुम्हांला ठाऊक आहे. जमिनीवर उभे राहिल्यास आपल्याला फार तर अर्धे वर्तुळ दिसते. येथे आपण वरून खाली पाहतो, त्यामुळे अर्ध्याहून अधिक कमान दिसू शकते. पौर्णिमेच्या सुमारास काही रात्री येथे फेऱ्या निघतात, तेव्हा चांदण्याचेही धनुष्य पडते. ते बहुधा पांढुरके भासते. रंग त्यात असतातच. पण पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्याच्या सुमारे चार लाखांव्या हिश्शाएवढा, आणि इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करीत नाहीत.

बहुतेक प्रवासी येथूनच परततात. पण आपण वाटाड्याबरोबर झाडीत शिरू.

पायवाटेवर पहिली गाठ पडते ती कोआतीशी. लांब नाक, पट्ट्यापट्ट्यांची उंच धरलेली शेपटी. दिसायला मुंगसासारखा, पण कूळ रॅकूनचे. माद्या आणि पिल्ले टोळीने हिंडतात, मोठे नर एकेकटे. जमिनीतील किडे आणि गळलेली फळे हे त्यांचे खाणे. पण प्रवाशांच्या पिशवीत याहून सोपे खाणे असते हे त्यांना कळून चुकले आहे. खाऊ हिसकावताना ते कडकडून चावतात. म्हणून वाटेवर फाटलेल्या हाताच्या चित्रांचे फलक लावले आहेत! वाटाड्या कोणालाही त्यांना शेंगदाणासुद्धा देऊ देत नाही. माथेरान-महाबळेश्वरची माकडे आठवा, म्हणजे असे का ते सांगावे लागणार नाही.

मग तो एका सडपातळ ताडाजवळ थांबतो. या झाडाचे नाव पाल्मितो. त्याच्या शेंड्याचा कोवळा गाभा लोक चवीने खातात. नारळाच्या झाडाचा शेंडा छाटला तर काय होईल? तेच येथे होते. याला एकच खोड, एकच शेंडा. गाभा काढला की झाड मेले. फळे धरण्यापूर्वीच चोरून तोडलेल्या झाडांचे बी कोठून येणार?

बियांची गोष्ट आणखी पुढची आहे. पाल्मितोची जांभळट-काळी फळे टूकन नावाचे मोठ्या चोचीचे पक्षी गिळतात आणि बिया दूर नेऊन टाकतात. (या टूकनची केशरी चोच केवळ शोभेची नाही. तिच्यातील रक्तप्रवाह कमी-जास्त करून पक्षी अंगातील उष्णता बाहेर टाकतो, असे २००९ साली उष्णतेची छायाचित्रे घेऊन दाखवण्यात आले.) ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी अशाच अरण्याचे निरनिराळे तुकडे तपासले. ज्या तुकड्यांतून शिकारीमुळे आणि तोडीमुळे टूकनसारखे मोठे पक्षी नाहीसे झाले होते, तेथील पाल्मितोच्या बिया आकाराने लहान निघाल्या! कारण सरळ आहे. मोठे फळ गिळणारी चोचच उरली नाही, तेव्हा लहान चोचीच्या पक्ष्यांना पेलतील एवढ्याच बिया पसरल्या. लहान बी उन्हात लवकर सुकते, म्हणजे दुष्काळात ते झाड मागे पडणार. २०१३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पक्षी गेला आणि झाडाचे बी बदलले, आणि तेही शेदोनशे वर्षांच्या आत. उत्क्रांती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाखो वर्षे येतात. येथे ती आजोबा-पणजोबांच्या काळात घडली.

जॅग्वार मात्र तुम्हांला दिसणार नाही. फार तर ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसेल. हा आपल्या बिबट्यासारखा, पण अंगाने भारदस्त. त्याच्या अंगावरील फुलांसारख्या ठिपक्यांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात. प्रत्येकाची नक्षी वेगळी, म्हणून आपल्याकडे वाघ मोजतात तसे तेथेही झाडांना कॅमेरे बांधून जॅग्वार मोजतात. दोन्ही देशांतील सलग जंगलात २००५ च्या सुमारास ते चाळीसच्या आसपासच उरले असावेत असा अंदाज होता. २०१८ च्या गणनेत ही संख्या शंभराच्या जवळपास आली. हे आपोआप झालेले नाही. ब्राझीलच्या उद्यानातून सुमारे १७ किलोमीटरांचा एक रस्ता जंगल कापून जात होता. न्यायालयाचा आदेश असूनही लोकांनी तो १९९७ मध्ये पुन्हा उघडला. त्यामुळे युनेस्कोने १९९९ मध्ये या उद्यानाला धोक्यात आलेल्या जागतिक वारशाच्या यादीत टाकले. २००१ मध्ये रस्ता बंद झाला आणि उद्यान त्या यादीतून बाहेर आले. रस्ता पुन्हा सुरू करा, ही मागणी नंतरही होत राहिली आहे. आजूबाजूच्या गावांना त्या रस्त्याने अंतर कमी पडते, ही त्यांची बाजू खोटी नाही. पण चारी बाजूंनी सोयाबीन-मक्याची शेते पसरलेली असताना या एवढ्याच सलग जंगलाचे दोन तुकडे झाले, तर जॅग्वारला जायला दुसरी जागा नाही.

प्रपात तरी कायमचा आहे का? लाखो वर्षांचा हिशेब आपण आताच मांडला. पण त्याच पाराना नदीवर, येथून उत्तरेला, ग्वाइरा येथे एक प्रपातसमूह होता. पाण्याच्या प्रमाणात तो जगातील अग्रगण्य प्रपातांपैकी एक होता. इताइपू धरण बांधून झाले आणि तो बुडणार हे ठरले. शेवटचे दर्शन घ्यायला गर्दी लोटली; जानेवारी १९८२ मध्ये त्या गर्दीच्या भाराने एक झुलता पूल तुटला आणि तीसहून अधिक माणसे मेली. ऑक्टोबरमध्ये धरणाचे पाणी चढू लागले. सुमारे दोन आठवड्यांत प्रपात तळ्याखाली गेला. इताइपूची वीज दोन देशांना लागते, हेही खरेच. इग्वासू नदीवरही वरच्या अंगाला वीजनिर्मितीची धरणे आहेत. वरून किती पाणी सोडले आहे, यावरही प्रपात आज भरलेला दिसेल की विरळ, हे ठरते.

पाणी विरळ असले की कड्यावरच्या ओल्या दगडांना चिकटलेली, शेवाळासारखी दिसणारी एक वनस्पती उघडी पडते. ती शेवाळ नाही. तिला फुले येतात. जोराच्या प्रवाहात खडकाला घट्ट धरून ती वाढते आणि पाणी उतरले की घाईघाईने फुलून बी धरते. तिचे भाऊबंद पाहायला दक्षिण अमेरिकेत जाण्याची गरज नाही. पश्चिम घाटातील ओढ्यांमध्ये आणि धबधब्यांच्या खडकांवर याच कुळातील वनस्पती आहेत. पावसाळा संपल्यावर, पाणी ओसरू लागले की शिक्षकांबरोबर जा. भिंग न्यायला विसरू नका. फुले फार बारीक असतात.