ध्वजदिन निधी : मुलांनी दिलेले दहा रुपये जातात कुठे?



दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की काही दिवसांतच शाळेत छोट्या ध्वजांचं पाकीट येतं. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे. सोबत एक पत्र, आणि बऱ्याचदा किती निधी जमवायचा याचा आकडाही. मग परिपाठात सूचना होते, "उद्या प्रत्येकाने दहा रुपये आणा, सैनिकांसाठी आहेत." मुलं आणतात, पैसे वर पोहोचतात, आणि विषय तिथेच संपतो.

पण एखादं मूल विचारतंच, "बाई, हे पैसे कुठे जातात?" आपण पटकन सांगून टाकतो, "सीमेवर." हे उत्तर बरोबर नाही. या पैशातून बंदुका घेतल्या जात नाहीत, सीमेवर रसदही जात नाही. हा पैसा सैन्यातून परत आलेल्यांसाठी आहे आणि जे परत आले नाहीत त्यांच्या घरच्यांसाठी आहे. परत आलेल्यांमध्ये जखमी होऊन आलेलेही असतात, आणि आपल्या पाठात नेमके तेच राहून जातात. वीरमरण आलेल्या जवानाबद्दल आपण बोलतो, सलामी देतो. पाय गमावून गावी आलेल्या जवानाबद्दल मुलांना काय सांगायचं, ते आपल्यालाही नीट माहीत नसतं. म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे 11 नोव्हेंबरला कागदी लाल पॉपीची फुलं देऊन देणग्या गोळा करत. पहिलं महायुद्ध 1918 साली त्या तारखेला थांबलं होतं, त्याची ती आठवण. देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या सैनिकांसाठी आपला वेगळा दिवस हवा असं ठरलं. 28 ऑगस्ट 1949 रोजी संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 7 डिसेंबर ही तारीख निश्चित केली. फुलाच्या जागी ध्वज आला. लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा वायुदलाचा. पुढे 1993 मध्ये संरक्षण मंत्रालयाने असे वेगवेगळे कल्याण निधी एकत्र करून एकच 'सशस्त्र सेना ध्वजदिन निधी' केला. त्याचा कारभार दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड पाहतं. आपल्या राज्यात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याखाली प्रत्येक जिल्ह्यातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशी रचना आहे. पालकहो, तुमच्या ओळखीत कुणी माजी सैनिक किंवा वीरपत्नी असेल आणि त्यांना मदतीचा अर्ज करायचा असेल, तर तो याच जिल्हा कार्यालयातून सुरू होतो. बऱ्याच घरांना हे कार्यालय कुठे आहे हेच माहीत नसतं.

आता जखमींकडे येऊ.

मुलांना सांगायला सगळ्यात चांगलं उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लहान वयात सैन्यात गेले, तिथे मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावलं. 1965 च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात राहिली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. तिथून ते पोहायला लागले. 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा मुलांनी पाहिला असेल, तो त्यांच्याच आयुष्यावरचा.

या गोष्टीत एक बारकावा आहे, तो मुलांना जरूर सांगा. परदेशी स्पर्धेला जायचा खर्च त्या काळी एका जखमी जवानाला झेपणारा नव्हता. क्रिकेटपटू विजय मर्चंट दिव्यांगांसाठी एक संस्था चालवत, त्या संस्थेने प्रवासाचा भार उचलला. म्हणजे जिद्द पेटकरांची, पण विमानाचं तिकीट लोकांनी दिलेल्या देणगीचं. आपण गोष्ट सांगताना जिद्दीवर इतका जोर देतो की तिकीट विसरतो. आणि सरकारची पद्मश्री त्यांना मिळाली 2018 मध्ये, पदकानंतर 46 वर्षांनी!

पण प्रत्येक जखमी सैनिक काही पदकविजेता होत नाही, आणि त्याने व्हावं अशी अपेक्षाही बरोबर नाही. बहुतेकांची लढाई रोजच्या साध्या गोष्टींशी असते. मणक्याला मार बसलेल्या माणसाला कमरेखाली संवेदना नसते. एका जागी फार वेळ बसलं की कातडीला जखम होते आणि ती झालेली त्याला कळतही नाही. लघवीसाठी नळी लागते. कूस बदलायला, खुर्चीत बसायला दुसऱ्याचा हात लागतो. हे काम घरात कोण करतं? आई किंवा बायको. अशा सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे उपचार तर आहेतच, शिवाय चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल चालतो, हात न चालणारे काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. असंच दुसरं केंद्र पंजाबात मोहालीला आहे. दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी डेहराडूनला सेंट डन्स्टन्स ही संस्था आहे. ध्वजदिन निधीतून या संस्थांना अनुदान जातं.

खडकीचाच आणखी एक जुना धागा आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी शिपायांना काहीतरी हुन्नर शिकवावा म्हणून 1917 साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने एक शाळा निघाली. पुढे ती खडकीला हलली. तीच आजची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. शंभरहून अधिक वर्षं झाली, जखमी जवान तिथे नवीन काम शिकतो आहे. पुण्यातच 1944 मध्ये सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्रही आहे. कृत्रिम पाय एकदा बसवला की काम झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तो झिजतो, उरलेल्या पायाचा आकार बदलतो, मग पुन्हा माप, पुन्हा नवा पाय. हे आयुष्यभर चालतं.

इथे कुणीही म्हणेल, मग सरकार काय करतं? प्रश्न रास्त आहे. कर्तव्यावर जखमी झालेल्याला निवृत्तिवेतन मिळतं. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना जखमी झालेल्याला ते जास्त असतं. ज्याला सतत सोबत लागते त्याला वेगळा भत्ता असतो. ही जबाबदारी सरकारचीच आहे आणि देणगी हा तिला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नियम म्हटला की रेषा आली आणि रेषा आली की कुणीतरी तिच्या पलीकडे राहतं. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा इतर अकादमीत प्रशिक्षण घेताना कायमचं अपंगत्व आलेला तरुण घ्या. तो अधिकारी झालेला नसतो, म्हणून त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. अशा मुलांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्यात आलं. दुसरा गट म्हणजे सैन्यात काही वर्षं काढूनही निवृत्तिवेतनाला पात्र न ठरलेले म्हातारे सैनिक. ध्वजदिन निधीचा मोठा उपयोग इथे होतो.

यावरून चौथीच्या वर्गात एक गणित घेता येईल. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, 65 वर्षांवरच्या, निवृत्तिवेतन नसलेल्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या पत्नीला या निधीतून महिना 4,000 रुपये मिळत. नोव्हेंबर 2025 पासून ती रक्कम 8,000 झाली. मुलांच्या शिक्षणासाठीची मदतही दरमहा 1,000 वरून 2,000 झाली, दोन मुलांपर्यंत. आता वर्गाचा पट 30 धरा आणि प्रत्येकाचे 10 रुपये. झाले 300. एका आजोबांच्या एका महिन्याच्या मदतीला असे किती वर्ग लागतील? उत्तर 27. जिल्ह्यात जमलेला पैसा आणि दिल्लीचा निधी यांची खाती वेगळी असतात, त्यामुळे हा हिशोब शब्दशः घ्यायचा नाही, पण मुलांना प्रमाण कळतं. आपले दहा रुपये फार थोडे आहेत आणि तरी मोजले जातात, दोन्ही एकदम कळतं.

पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. सैनिकांसाठी एकच निधी नाही, आणि या गोंधळाचा फायदा फिरवलेले मेसेज घेतात. ध्वजदिन निधी हा माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी. प्रत्यक्ष कारवाईत वीरमरण आलेल्या किंवा जखमी झालेल्या तिन्ही दलांतल्या जवानांसाठी वेगळा निधी आहे आणि त्याचं 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारखी दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांच्यासाठी 2017 पासून 'भारत के वीर' आहे. व्हॉट्सअॅपवर मात्र वर्षानुवर्षं एकच मजकूर फिरतो : सरकारने सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी आणि जखमी जवानांसाठी खातं उघडलंय, रोज एक रुपया टाका, एका अभिनेत्याने ही कल्पना सुचवली, वगैरे. एप्रिल 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाला जाहीर सांगावं लागलं की हा मेसेज दिशाभूल करणारा आहे आणि त्यातला खात्याचा तपशील चुकीचा आहे. आपल्या शाळेच्या पालक गटावर असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. द्यायचंच असेल तर केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात थेट द्या आणि पावती घ्या. जुन्या करप्रणालीत प्राप्तिकरात सवलतही मिळते.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे शाळांबद्दल. इष्टांक आला की निधीची वसुली व्हायला वेळ लागत नाही. कुणी किती आणले याची यादी फळ्यावर लागते, न आणणाऱ्याला उभं केलं जातं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचं मूल आजीकडे राहतं, ते दहा रुपये कुठून आणणार? देणगी ऐच्छिक आहे, हे मुलांसमोर मोठ्याने सांगावं. वर्गात एक बंद डबा ठेवावा, ज्याला जमेल त्याने टाकावं, आणि ध्वज मात्र प्रत्येकाच्या छातीवर लावावा. डबा मुलांसमोर उघडून त्यांच्याकडूनच मोजून घ्यावा. पावती आली की ती वर्गात वाचून दाखवावी आणि आठवडाभर भिंतीवर राहू द्यावी.

गावात माजी सैनिक असतील तर त्यांना त्या दिवशी जरूर बोलवा. बोलवण्याआधी घरी जाऊन भेटा. ते जखमी झालेले असतील तर जखमेबद्दल बोलायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. मुलांची तयारी आदल्या दिवशी करून घ्या, कारण पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही किती शत्रू मारले?" त्याऐवजी काय विचारता येईल, ते मुलांनाच सुचवू द्या. रजेवर घरी यायला किती दिवस लागायचे? बर्फात आंघोळ कशी करायचे? पत्र कोण लिहायचं? आता शेतातलं कोणतं काम जमतं, कोणतं नाही? कार्यक्रमाची खोली तळमजल्यावरची घ्या, दारात उंबरा असेल तर फळी टाका. हात नसलेल्या पाहुण्याच्या हातात नारळ द्यायला मुलीला पुढे पाठवण्याचा प्रकार शाळांमधून होतो, तो आधी विचार केला तर टळतो. आणि त्यांना भाषण करायचं नसेल तर भाषण नको. मुलांसोबत ओळीत बसून खिचडी खाल्ली तरी चालेल.