भरतीच्या वेळापत्रकावर

सकाळी सहा. आमच्या इथल्या केबिन रोडवर लोकल गाठायला निघालेल्यांची लगबग सुरू झाली आहे. माझं आजचं वेळापत्रक मात्र भरती-ओहोटीचं. चैत्र पौर्णिमा आहे. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे ओहोटी सकाळी सहा-सातला आणि भरती दुपारी बाराच्या सुमारास. पाणपक्षी मोजायला असा दिवस बरा, एकाच सकाळी त्यांची ओहोटीत चरायची आणि भरतीत टेकायची अशी दोन्ही ठिकाणं दिसतात.

पावणेसात. वसईच्या खाडीचा काठ. पाणी मागे हटून चिखल उघडा पडलाय आणि त्यात तुतवार, टिलवे, चिखल्या चोची खुपसताहेत. बाकदार चोचीच्या तुतवारांची हिवाळाभर पांढरी असलेली पोटं आता विटकरी झाली आहेत. विणीचा पिसारा चढला, म्हणजे निघायची वेळ झाली. अंडी घालायला त्यांना सायबेरियाच्या उत्तर टोकाला पोचायचंय आणि त्या प्रवासाची चरबी या चिखलातल्या किड्या-शिंपल्यांतून साठवायची आहे. त्यांच्या जवळ जाऊन त्यांना उडवणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं. दुर्बीण लावून लांबूनच मोजते.

साडेनऊ. पाणी चढतंय, चिखलाची पट्टी अरुंद होतेय. मग अख्खा थवा उठतो आणि मिठागरांकडे वळतो. टिलव्याचे पाय बोटाएवढे. खोल पाण्यात तो उभा राहू शकत नाही, तिवरांच्या गर्दीत उतरू शकत नाही. भरतीचे चार-पाच तास टेकायला त्याला मोकळी, उथळ जागाच हवी. मिठागराचे वाफे नेमके तसे असतात. बांधावरचे काका उघाडीपाशी पाण्याचा अंदाज घेत म्हणतात, “ताई, पाणी एवढंच ठेवायचं. जास्त झालं तर मीठही नाही न् पाखरूही नाही.”

बारा. ऊन डोळ्यांत घुसतंय. एका बांधावर शेकाट्याची जोडी आहे. चिखलातल्या खळग्यात चार अंडी, मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो, लांब लाल पाय उचलत येतो आणि अंड्यांवर बसतो. मादी लगेच पाण्याकडे जाते. या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवणंच जास्त अवघड. पाणी दहा पावलांवर आहे म्हणून हे जमतं. वाफा कोरडा पडला की घरटं गेलंच.

अडीच. पुढचा वाफा असाच कोरडा पडलेला. बांध फुटलाय, कडेला डेब्रिजचे ढीग. इथे एकही पक्षी नाही. रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या वर्गवारीत मिठागरं पाणथळ जागाच आहेत, पण आपल्या 2017च्या पाणथळ नियमांनी मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्या. तिवरांना उच्च न्यायालयाने 2005 साली संरक्षण दिलं. त्यांच्या शेजारची ही उघडी जमीन मात्र लोकांना ‘रिकामी’ वाटते. मला हे मुळीच मान्य नाही. ठाणे खाडीचं उदाहरण समोर आहे. 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 साली रामसर दर्जा मिळाला, तरी भरतीत तिथले फ्लेमिंगो अभयारण्याबाहेरच्या तळ्यांवर येतात. म्हणूनच नेरुळच्या डीपीएस तलावासाठी लोकांना झगडावं लागलं. जेवणाचं ताट राखायचं आणि झोपायची जागा विकायची, असं चालणार नाही.

सहा. पाणी पुन्हा उतरलंय, थवे खाडीकडे परतलेत.

रात्री नऊ. आकडे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरते. जागा, वेळ आणि भरती होती की ओहोटी, हे न चुकता लिहिते. मोजायला माणसं मात्र कमी पडतात. तुमच्या खिडकीतून मिठागर दिसत असेल, तर पौर्णिमेच्या दुपारी बारा वाजता एकदा बघा. पक्षी बसलेले दिसले तर तारीख घालून नोंद करा, फोटो काढा, घरट्यांपासून मात्र लांब राहा. उद्या कोणी ही जागा रिकामी आहे म्हणालं, तर आपल्या हातात पुरावा हवा.